गॅल्व्हानी : बेडकाच्या पायातील वीज

इटलीतील बोलोन्या शहरात विद्यापीठाच्या जुन्या वास्तूसमोर एक लहानसा चौक आहे. या चौकात १८७९ साली उभारलेला एक संगमरवरी पुतळा आहे. झगा परिधान केलेला, मान किंचित झुकवलेला हा विद्वान हातातील फलकाकडे एकाग्रतेने पाहतो आहे. त्या फलकावर ग्रंथ नाही, नकाशा नाही. आहे तो एक बेडूक! जगाच्या पाठीवर राजांचे, सेनापतींचे, कवींचे पुतळे असंख्य असतील. पण बेडकाकडे टक लावून पाहणाऱ्या माणसाचा पुतळा विरळाच.

हा पुतळा लुइजी गॅल्व्हानी याचा. त्याचे नाव आपल्याकडेही घरोघरी पोहोचले आहे, ते मात्र छपरावरच्या ‘गॅल्व्हनाइज्ड’ पत्र्यांच्या आणि विद्युतप्रवाह मोजणाऱ्या गॅल्व्हानोमीटरच्या रूपाने. यांपैकी कोणतीही वस्तू त्याने तयार केली नाही. त्याला छळणारा प्रश्न वेगळाच होता. मनात आले की हात उचलला जातो, पाऊल पडते. इच्छा आणि हालचाल यांच्यामध्ये नेमके घडते तरी काय? या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याला सापडले. ते उत्तर घेऊन तो युरोपातील एका बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहिला आणि जगाच्या दृष्टीने हरला. तो हरला नव्हता, हे सिद्ध होण्यासाठी पुढची कित्येक दशके जावी लागली.

लुइजीचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी बोलोन्यात झाला. वडील डोमेनिको हे सोनार. तेव्हा बोलोन्या पोपच्या राज्यात होते आणि शहराच्या जीवनावर चर्चची गडद छाया होती. कोवळ्या वयात लुइजीला धर्मसंघात प्रवेश करून संन्यस्त जीवन जगण्याची ओढ लागली होती. घरच्यांनी त्याला त्यापासून परावृत्त केले आणि वैद्यकाच्या अभ्यासाकडे वळवले. तरीही ती धार्मिक वृत्ती त्याच्या स्वभावातून कधीच गेली नाही. गृहस्थाश्रमात राहूनही तो सेंट फ्रान्सिसच्या संप्रदायाचा अनुयायी राहिला. पुढे आयुष्याच्या अखेरीस याच श्रद्धेने त्याची कठोर परीक्षा पाहिली.

१७५९ साली त्याने वैद्यक आणि तत्त्वज्ञान या विषयांतील पदवी मिळवली. १७६२ मध्ये हाडांची रचना व विकार यांवर प्रबंध सादर केला आणि त्याच वर्षी आपले गुरू, शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डोमेनिको गालेआत्सी यांची कन्या लुचिया हिच्याशी विवाह केला. स्त्रीला प्रयोगशाळेचे दार बंद असण्याच्या त्या काळात लुचिया पतीच्या संशोधनात सहभागी होत असे आणि त्याच्या लेखनावर संस्कारही करत असे. या दांपत्याला अपत्य नव्हते. त्यांच्या घरातच प्रयोगशाळा थाटलेली होती आणि त्या घरातील बोलण्याचा विषय बहुधा प्रयोग हाच असे.

गॅल्व्हानी हा मुळात हाडाचा शरीररचनाकार. पक्ष्यांची मूत्रपिंडे आणि पक्ष्यांचे कान यांवर त्याने बारकाईने काम केले. विद्यापीठात तो शरीररचना शिकवी, १७८२ पासून बोलोन्याच्या विज्ञानसंस्थेत प्रसूतिशास्त्रही शिकवू लागला. याशिवाय तो रुग्णांवर उपचार करी. फर्डे वक्तृत्व त्याच्याकडे नव्हते. हाताशी असलेली वस्तू उलगडून दाखवणे हीच त्याची शिकवण्याची रीत होती.

त्या काळी स्नायूंच्या हालचालीचे कोडे सुटलेले नव्हते. मज्जातंतू म्हणजे पोकळ नळ्या असून त्यांतून एक प्रकारचा सूक्ष्म ‘प्राण’ वाहतो आणि स्नायू फुगवतो, अशी समजूत जुन्या काळापासून चालत आली होती. सतराव्या शतकात डच संशोधक स्वामरडॅमने बेडकाचा स्नायू नळीत ठेवून दाखवून दिले, की आकुंचन पावताना स्नायूचे आकारमान वाढत नाही. मग तो फुगतो कसला? स्विस शास्त्रज्ञ हालर याने आकुंचन हा स्नायूचा स्वतःचाच गुणधर्म असल्याचे प्रतिपादन केले. पण मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत कोण नेते, हा प्रश्न शिल्लकच राहिला. दुसरीकडे विजेचे खेळ युरोपभर गाजत होते. काचेची तबकडी फिरवून, घर्षणाने वीज निर्माण करणारी यंत्रे आणि ती वीज साठवणारी ‘लायडन जार’ ही बरणी विद्वानांच्या घरी असे. मज्जातंतूंतून वाहणारा तो सूक्ष्म द्रव म्हणजे वीजच नसेल ना, अशी शंका अनेकांनी बोलून दाखवली होती. शंका आणि पुरावा यांतील अंतर मात्र कोणी ओलांडले नव्हते.

लुचिया आजारी असताना तिच्यासाठी बेडकाचे सूप करायला आणलेले पाय अचानक हलले आणि शोध लागला, अशी एक गोड दंतकथा पुढे पसरली. वस्तुस्थिती तितकी नाट्यमय नाही. १७७० च्या दशकापासूनच गॅल्व्हानी बेडकाच्या स्नायूंचा अभ्यास करत होता आणि १७८० च्या सुमारास त्याने त्यासाठी विद्युतयंत्र वापरायला सुरुवात केली होती. बेडकाचे धड कापून मागचे दोन पाय आणि त्यांना पाठीच्या कण्याशी जोडणारे पांढरे मज्जातंतू तेवढे शिल्लक ठेवायचे, अशी त्याची पद्धत होती.

१७८१ साली असाच एक बेडूक टेबलावर होता. थोड्या अंतरावर विद्युतयंत्र होते. बेडकाचा त्याच्याशी कसलाही संबंध जोडलेला नव्हता. एका सहायकाने सुरीचे टोक मज्जातंतूला सहज लावले आणि बेडकाचे पाय जोराने आखडले! दुसऱ्या सहायकाच्या लक्षात आले, की यंत्रातून ठिणगी पडली त्याच क्षणी हे घडले. गॅल्व्हानी त्या वेळी दुसऱ्याच विचारात गढलेला होता. पण हे ऐकताच त्याने सगळे बाजूला सारून प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला. सुरी हाडाच्या मुठीला धरली तर पाय हलत नाहीत. बोट धातूला लागले तर हलतात, हेही त्याने टिपले. दुसरा एखादा ही घटना अपवाद म्हणून विसरून गेला असता. गॅल्व्हानीने तिच्या मागे पुढची दहा वर्षे घालवली.

ठिणगीने जे होते ते आकाशातील विजेने होते का? १७८६ साली त्याने घराच्या उंच भागी तार बांधून ती बेडकाच्या मज्जातंतूला जोडली, पायाला जोडलेली दुसरी तार विहिरीच्या पाण्यात सोडली आणि वादळाची वाट पाहिली. वीज चमकली की पाय झटके देत. मग निरभ्र आकाशातही काही होते का, हे पाहण्यासाठी त्याने कण्यात पितळी आकडे अडकवलेले बेडूक लोखंडी कठड्यावर टांगले. बराच वेळ वाट पाहूनही विशेष काही घडेना. कंटाळून त्याने आकडे कठड्यावर दाबले आणि पाय हलले. आकाश तर स्वच्छ होते! त्याने बेडूक बंद खोलीत नेला, लोखंडी पत्र्यावर ठेवला, पितळी आकडा पत्र्याला टेकवला. पाय पुन्हा आखडले. खोलीत ना यंत्र होते, ना ढग. मग वीज आली कोठून?

गॅल्व्हानीला उत्तर स्वच्छ दिसले. वीज बेडकातच होती. स्नायू ही जणू एक लायडन बरणी आहे. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंवर विरुद्ध प्रकारची वीज साठलेली असते. मज्जातंतू ही त्या बरणीतून बाहेर आलेली तार. धातूच्या कमानीने तार आणि बरणीचा पृष्ठभाग जोडला की साठलेली वीज वाहते आणि स्नायू आकुंचन पावतो. हा सिद्धांत त्याने १७९१ साली बोलोन्याच्या अकादमीच्या ग्रंथमालेत, स्नायूंच्या हालचालीतील विद्युतशक्तीवरील लॅटिन प्रबंधाच्या रूपाने मांडला. प्रबंध प्रसिद्ध झाला तेव्हा लुचिया हयात नव्हती. दम्याने तिचा बळी घेतला होता. ज्या प्रयोगांत तिचा हात होता, त्यांचे छापील पुस्तक पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

प्रबंधाने युरोपात खळबळ उडवली. जेथे बेडूक आणि दोन धातूंचे तुकडे उपलब्ध होते तेथे हा प्रयोग होऊ लागला. पाव्हिया विद्यापीठातील भौतिकशास्त्राचा प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा याने प्रथम गॅल्व्हानीची मनापासून प्रशंसा केली. पण प्रयोग करता करता त्याला शंका येऊ लागली. कमान एकाच धातूची असली तर परिणाम क्षीण, दोन वेगळ्या धातूंची असली तर जोरदार, असे का? त्याने कथिल आणि चांदी आपल्या जिभेवर ठेवून एकमेकांना जोडले, तेव्हा तोंडात आंबट चव आली. वीज धातूंच्या संपर्कातून निर्माण होते, बेडूक केवळ ती दाखवणारे संवेदनशील उपकरण आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. गॅल्व्हानीची ‘प्राणिज वीज’ त्याने एका फटक्यात निकालात काढली.

वाद केवळ दोन प्राध्यापकांमधला नव्हता. सजीवाच्या देहात स्वतःची वीज असते की नाही, हा प्रश्न पणाला लागला होता. गॅल्व्हानी स्वभावाने भिडस्त. वादाचा किल्ला त्याचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी हिरीरीने लढवत असे. गॅल्व्हानीने उत्तर दिले ते प्रयोगातून. दोष धातूंवर जातो ना, मग धातूच नको! १७९४ साली एक निनावी पुस्तिका प्रसिद्ध झाली. ती त्याचीच मानली जाते. तीत कोणत्याही धातूविना, मज्जातंतूचे कापलेले टोक थेट स्नायूला टेकवून आकुंचन घडवल्याचे वर्णन होते. मज्जातंतू आणि स्नायू हे दोन भिन्न पदार्थ आहेत, त्यामुळे वीज त्यांच्या संपर्कातून आली, असे व्होल्टाच्या बाजूने म्हणता येत होते. गॅल्व्हानीने तीही पळवाट बंद केली. १७९७ साली त्याने एका पायाच्या मज्जातंतूचे कापलेले टोक दुसऱ्या पायाच्या अखंड मज्जातंतूवर ठेवले. धातू नाही, भिन्न पदार्थही नाही. तरी पाय आखडले. देहातील विजेचा याहून निर्मळ पुरावा त्या काळात शक्य नव्हता. दरम्यान १७९५ मध्ये पन्नाशी उलटलेला हा प्राध्यापक एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावर जाऊन विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाचा अभ्यास करून आला होता. हृदय काढले तरी तो मासा काही काळ झटका देतो, मेंदू काढला की थांबतो, हे त्याने पाहिले. देहाची वीज मज्जासंस्थेच्या ताब्यात असते, ही त्याची खात्री त्यामुळे पक्की झाली.

एव्हाना बोलोन्याचे भाग्य पालटले होते. १७९६ साली नेपोलियनच्या सैन्याने शहर घेतले आणि पुढच्या वर्षी उत्तर इटलीत सिसाल्पाइन प्रजासत्ताक स्थापन झाले. नव्या राजवटीने प्राध्यापकांना निष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम काढला. बहुतेकांनी ती घेतली. पोट, पद, प्रयोगशाळा सारे काही त्या काही शब्दांवर अवलंबून होते. व्होल्टानेही नव्या सत्तेशी जुळवून घेतले. गॅल्व्हानीच्या श्रद्धेला आणि विवेकाला मात्र ती शपथ मान्य होईना. १७९८ च्या एप्रिलमध्ये त्याने नकार दिला. शिक्षा ठरलेली होती. पद गेले, वेतन गेले, विद्यापीठाशी असलेला जवळपास चार दशकांचा संबंध तुटला.

साठी ओलांडलेला, पत्नीवियोगाने खचलेला गॅल्व्हानी भावाच्या आश्रयाला गेला. त्याची कीर्ती लक्षात घेऊन त्याला शपथेविना सन्मानाने पुन्हा रुजू करून घ्यावे, यासाठी मित्रांनी खटपट केली आणि तसा निर्णयही झाला. पण त्याची अंमलबजावणी होण्यापूर्वीच ४ डिसेंबर १७९८ रोजी गॅल्व्हानीचे निधन झाले. बोलोन्याच्या कॉर्पुस डोमिनी मठाच्या चर्चमध्ये लुचियाच्या शेजारी त्याला चिरविश्रांती मिळाली.

जेमतेम दीड वर्षातच, मार्च १८०० मध्ये, व्होल्टाने जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये खारे पाणी भिजवलेले तुकडे ठेवून रचलेला विद्युतघट जगासमोर आणला. सलग वाहणारी वीज प्रथमच माणसाच्या हाती आली. आजच्या प्रत्येक बॅटरीचा हा पूर्वज. गंमत अशी, की व्होल्टाने आपल्या घटाची तुलना त्याच टॉर्पेडो माशाच्या विद्युत अवयवाशी केली होती! नेपोलियनने व्होल्टाचा गौरव केला, पुढे त्याला सरदारकी दिली. घटाच्या लखलखाटात गॅल्व्हानीचा १७९७ चा प्रयोग झाकोळून गेला. आल्दिनीने १८०३ साली लंडनमध्ये फाशी गेलेल्या गुन्हेगाराच्या प्रेतावर विद्युतघट लावून त्याचे स्नायू हलवून दाखवले. प्रेक्षक हादरले, मामाच्या विज्ञानाला मात्र त्यातून तमाशाचे रूप आले. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मागेही याच ‘गॅल्व्हनिझम’ची चर्चा होती.

काळाने निवाडा केला तो दोघांच्याही बाजूने. दोन धातूंच्या बाबतीत व्होल्टा बरोबर होता. कठड्यावरच्या बेडकाला खरोखरच धातूंमुळे वीज मिळत होती. पण देहात स्वतःची वीज असते, हे गॅल्व्हानीचे म्हणणेही तितकेच खरे होते. इटलीतच नोबिली आणि मात्तेउच्ची यांनी बेडकातील प्रवाह उपकरणावर मोजला. त्या उपकरणाचे नाव होते गॅल्व्हानोमीटर! बर्लिनमध्ये द्यु ब्वा-रेमाँ याने मज्जातंतू कार्यरत होताना होणारा विद्युत बदल नोंदला. १८५० साली हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे ३० मीटर निघाला. १९५२ मध्ये हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हा संदेश पेशीपटलातून ये-जा करणाऱ्या सोडियम व पोटॅशियमच्या विद्युतभारित कणांनी कसा तयार होतो, याचे गणित मांडले. पेशीपटलाच्या आत-बाहेर विरुद्ध भार साठलेला असतो. गॅल्व्हानीची लायडन बरणी खरी होती. फक्त ती संपूर्ण स्नायूएवढी मोठी नव्हती, ती प्रत्येक पेशीएवढी लहान होती.

एका बाबतीत मात्र गॅल्व्हानीचा अंदाज चुकला होता. वाहणारी वीजच स्नायूला थेट आखडते, असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात वीज केवळ निरोप आणते. काम दुसरेच करतात. त्यांतील पहिल्याचा शोध लागला तो एका चुकीतून. १८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत होता. द्रावण नळाच्या पाण्यात केले होते. शुद्ध केलेले पाणी वापरताच हृदय मंदावून थांबले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा हा प्रताप असल्याचे त्याने १८८३ साली दाखवून दिले.

आज उलगडलेले चित्र असे आहे. मज्जातंतूचे टोक स्नायूपेशीवर ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडते आणि पेशीपटलावर विजेची लाट उठते. पण पेशी जाड, तर आकुंचन अवघ्या काही सहस्रांश सेकंदांत. पृष्ठभागावरचा निरोप खोलवर पोहोचणार कसा? शेतात पाटाने पाणी आत न्यावे तशा बारीक नळ्या पेशीपटलापासून आतपर्यंत गेलेल्या असतात. त्यांतून ही लाट आत शिरते. नळ्यांच्या भिंतीत विजेतील बदल ओळखणारी प्रथिने असतात. ती आपला आकार बदलतात आणि शेजारच्या कॅल्शियमच्या कोठाराचे दार उघडते. विश्रांतीच्या वेळी नगण्य असलेले कॅल्शियम क्षणार्धात सुमारे शंभर पटींनी वाढते. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी याने १९६० च्या दशकात या प्रथिनाचा शोध लावला. ट्रोपोनिनने अडसर दूर केला की मायोसिनचे तंतू ॲक्टिनच्या तंतूंना पकडून ओढू लागतात. तंतू स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. स्वामरडॅमला न फुगणारा स्नायू दिसला होता, त्याचे रहस्य हेच. ही सरकण्याची कल्पना १९५४ साली अँड्र्यू हक्स्ली आणि त्याच्याशी कसलेही नाते नसलेला ह्यू हक्स्ली यांच्या गटांनी स्वतंत्रपणे मांडली. ओढण्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या इंधनातून मिळते. काम संपले की कॅल्शियम पुन्हा कोठारात खेचून घेतले जाते आणि स्नायू सैल पडतो. एटीपी संपले तर मायोसिनची पकड सुटतच नाही. मृत्यूनंतर शरीर ताठरते ते यामुळेच.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागेही विजेची अशीच लाट असते. रुग्णालयात छातीवर तारा लावून ईसीजीच्या कागदावर जी नागमोडी रेघ उमटते, ती या लाटेचीच सावली. हृदय मंदावले तर पेसमेकर त्याला बाहेरून निरोप देतो. ज्या विजेचे अस्तित्वच व्होल्टाने नाकारले होते, तिच्यावर आज असंख्य प्राण विसंबून आहेत.

गॅल्व्हानीला यातले काहीच पाहायला मिळाले नाही. आपण वाद हरलो की जिंकलो, हेही न कळता तो गेला. पुराव्याने जे दाखवले ते त्याने सोडले नाही आणि विवेकाला जे पटले नाही ते उच्चारले नाही. पहिल्या निष्ठेची किंमत कीर्तीने चुकवली, दुसरीची भाकरीने. बोलोन्याच्या चौकातला तो संगमरवरी प्राध्यापक अजूनही मान झुकवून बेडकाकडे पाहत उभा आहे.